आमचा आक्षेप नाही

"छापा की काटा?" पंचांनी विचारलं.

मला छापा हवा होता. मी म्हणाले, "काटा."

छापा पडला.

शेजारी उभी असलेली रुक्सार दातांत पुटपुटली, "दर वेळी काटाच काय मागतीस गं? काट्याशी लगीन लावलंयस का?"

तिला कारण चांगलं ठाऊक होतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. 'छ'वर मी अडकते. शब्द डोक्यात तयार असतो, तोंडात येऊन उभा असतो, आणि ऐन वेळी आतून कुणीतरी कडी लावून घेतं. मग मान ताठ होते, डोळे मिटतात, ओठ थरथरतात आणि समोरचा माणूस आपल्या चपलेकडं बघायला लागतो. 'प'चंही तेच. बाकीची अक्षरंही अधूनमधून अडवतात, पण ही दोन ठरलेली. आणि आईबाबांनी माझं नाव ठेवलं प्रांजल. म्हणजे कुणी नाव विचारलं की गाडी फाटकातच बंद. दुकानातून छत्री आणायची असेल तर मी भिजत घरी यायचे, पण 'छत्री द्या' म्हणायचे नाही.

हे सगळं मी आठवीत असतानाचं. आता अकरावीत आहे आणि आता मी इतकी बोलते की घरातले हात जोडतात. अडकते अजूनही तेवढीच. पण ते पुढं.

तर त्या दिवशी तालुक्याच्या गावी मुलींच्या शालेय कबड्डीचा अंतिम सामना होता. एका बाजूला आम्ही, शेंडूरवाडीचं हायस्कूल. दुसऱ्या बाजूला कोरगावच्या मुली. जिंकेल तो संघ जिल्ह्याला जाणार. आमच्या शाळेतून मुलींचा संघ जिल्ह्याला कधीच गेला नव्हता. त्यामुळं निम्मं गाव दोन टेम्पो भरून आलं होतं आणि मैदानाच्या कडेला चुन्याच्या रेषेवर पाय देऊन उभं होतं.

आणि मी कॅप्टन होते. बोलता न येणारी कॅप्टन. कबड्डीत खेळ चालू असताना पंचांशी बोलायचं ते फक्त कॅप्टननं, बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या कोळेकर बाईंनी माझं नाव जाहीर केलं तेव्हा रुक्सार चिडली होती. "बाई, हिला कसं जमंल? ही 'सर' म्हणेपर्यंत मॅच संपंल."

बाई म्हणाल्या, "कॅप्टन खेळणारीला करायचं असतं, बोलणारीला न्हाई. तुला बोलायचीच हौस असली तर वक्तृत्वाला नाव दे."

रुक्सार मुलाणी माझी जिवलग मैत्रीण. तिचं बोलणं म्हणजे उताराला लागलेली सायकल. पहिलीपासून माझी निम्मी वाक्यं तीच पुरी करत आलेली. मी 'प...' म्हटलं की ती 'पाणी', 'पेन', 'पोटात दुखतंय' यांतलं एक काहीतरी समोरच्याला देऊन टाकायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं. म्हणून पंचांसमोर जाताना मी तिला बरोबर न्यायचे. उपकर्णधार म्हणून.

एक गंमत मात्र होती. 'कबड्डी' म्हणताना मी कधीच अडकत नव्हते. समोरच्यांच्या अंगणात चढाईला जायचं, एकाच श्वासात 'कबड्डी कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, कुणाला तरी शिवून मध्यरेषेपर्यंत परत यायचं. त्या म्हणण्यालाच दम म्हणतात. तो तुटला की तुम्ही बाद. माझा दम असा सरळ जायचा, पाटातल्या पाण्यासारखा. अख्ख्या जगात एवढा एकच शब्द माझ्या हुकमातला होता. मी कबड्डी का खेळते असं कुणी विचारलं तर खरं उत्तर तेच होतं, पण ते सांगायला खूप शब्द लागले असते.

सामना सुरू झाला. पहिली चढाई कोरगावची.

त्यांच्यातली एक उंच, सडपातळ मुलगी पुढं आली. येण्याआधी तिनं दोन्ही कानांतली मशीन काढली आणि त्यांच्या तेली सरांच्या हातात दिली. सरांनी ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. त्यांच्या कॅप्टननं, स्नेहलनं, तिच्या पाठीवर थाप मारली. तीच तिची शिट्टी. ती निघाली.

"ऐकू येत न्हाई तिला," रुक्सार माझ्या कानाशी म्हणाली. "गौतमी कांबळे. पण पाय बघ. नुसता वारा हाय."

मी कोपऱ्यात होते. माझं कामच ते, चढाईला आलेलीचा घोटा धरायचा. गौतमी आली आणि मी तिचा आवाज ऐकला. 'अअब्ई अअब्ई अअब्ई.' घशातून येणारा, जाड, एकसारखा. आमच्या दोघीतिघी हसल्या. हसता हसता एकीचं लक्ष ढळलं आणि गौतमी तिच्या खांद्याला शिवून परत मध्यरेषेवर.

कोरगावच्या मुली ओरडल्या. पण आमच्या गावचे लोक त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले. "दम कुठं घेतला? दमच घेत न्हाई ती. पंच, कानात कापूस घातलाय व्हय?"

पंच होते सुतार सर. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळलेली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हात वर केला. "दम स्पष्ट नाही. चढाई बाद. गुण शेंडूरवाडीला."

आमचा टेम्पो नाचायला लागला.

स्नेहल धावत गेली. "सर, तिला ऐकू येत नाही. तिचा दम असाच असतो. आमच्याकडं सगळे पंच चालवून घेतात."

"तुमच्याकडं चालत असंल, बाळ. ही तालुक्याची फायनल हाय. शब्द स्पष्ट पायजे, नियमच हाय तसा. मला बी वाईट वाटतं. पण मी तुला सूट दिली तर समोरचे मला सोडतील का?"

गौतमीची दुसरी चढाई. तिनं तोंड मोठं उघडलं, मान ताणली, आवाज अजून वाढवला. पुन्हा एक शिवली. पुन्हा शिट्टी. पुन्हा गुण आम्हाला.

तिसऱ्या वेळी तेली सरांनी दुसरीच मुलगी चढाईला पाठवली आणि ती माझ्या हातात अलगद सापडली. त्यानंतर सगळं सोपं होतं. गौतमीशिवाय कोरगावची चढाई म्हणजे मीठ नसलेली आमटी. मध्यंतराला आम्ही चांगल्याच पुढं होतो.

बाईंनी लिंबं कापून आणली होती. सगळ्या मीठ लावून चोखत होत्या, जिल्ह्याला जाताना कुठला ड्रेस घालायचा यावर बोलत होत्या. मी समोर बघत होते.

पलीकडं कोरगावच्या मुली गोल करून बसल्या होत्या आणि गौतमी एकटी उभी होती. ती स्नेहलला काहीतरी विचारत होती. आधी गळ्याला हात लावला, मग ओठांना, मग दोन्ही तळवे उघडे केले. स्नेहल नुसती मान हलवत होती. गौतमीनं पुन्हा गळ्याला हात लावला आणि सगळ्यांना दाखवून, सावकाश, 'कबड्डी' म्हटलं. तिच्या हिशेबानं ती बरोबर म्हणत होती. आपल्या तोंडातून बाहेर पडल्यावर त्या शब्दाचं काय होतं ते तिला कळायला मार्गच नव्हता. मला निदान माझं ऐकू येतं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले होते. तिचा आवाज मी दोन्ही वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला होता. तो कुठंही थांबला नव्हता.

"बाई," मी म्हणाले. "ति... ति... तिचा द..."

"दम," रुक्सार म्हणाली.

"दम त... त..."

"तुटला. व्हय बाई, तुटलाच होता, मी पण बघितलं."

मी रुक्सारच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या ओठांना लिंबाचं मीठ लागलेलं होतं. ती इतकी चकित झाली की गप्पच बसली.

"तुटला न... नव्हता," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. रुक्सारनं माझा हात बाजूला केला. "ए माझे आई. समाजसेवा उद्यापासून कर. आज आपण जिंकतोय, कळतंय का? ती चढाईला आली तर आपली वाट लागंल."

बाईंनी लिंबाची साल खाली टाकली. त्यांनाही जिल्हा हवा होता. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. शाळेत त्यांनी मुलींचा संघ उभा केला तेव्हा लोकांनी काय काय ऐकवलं होतं ते आम्हाला माहीत होतं. त्यांनी लिंबाचे हात पुसले.

मग म्हणाल्या, "तिच्या दमावर तुझा आक्षेप हाय का?"

"न... न्हाई."

"मग मला काय सांगतीस? मी कोचाय. आक्षेप हाय का न्हाई ते कॅप्टन सांगतो. जा, पंचांना सांग."

मी रुक्सारचा हात धरला.

"रुक्सार कॅप्टन न्हाई," बाई म्हणाल्या. "तुला सांगायचं असंल तर तू सांग. नसंल सांगायचं तर बस हितं, लिंबू खा. मी काय बोलणार न्हाई."

खरं सांगते, मी बसणारच होते. मध्यंतर संपत आलं होतं, लिंबू हातात होतं, कुणी मला काही म्हणालं नसतं. पण पलीकडं गौतमीनं पुन्हा एकदा गळ्याला हात लावला आणि त्याच वेळी तिच्या एका मैत्रिणीनं तोंड फिरवलं. तोंड फिरवणं हे मी कुठंही ओळखू शकते. त्यात माझी पीएचडी आहे.

मी उठले.

सुतार सर गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी कागदी कपातून चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बोल बाळ."

मी तोंड उघडलं. कडी लागली.

"पाणी पायजे?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली.

"पाय मुरगाळला का? खेळाडू बदलायचाय? वेळ मागायचाय?"

गुण लिहिणाऱ्या दोन मास्तरांपैकी एकानं खाली बघून हसू दाबलं. माझ्या पाठीमागं रुक्सार येऊन उभी राहिली होती. तिला मी हात करून थांबवलं. तिनं स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. सर आता त्यांच्या चहात बघत होते. टेबलावरची मंडळी कागदात. मैदानाच्या कडेचे लोक माझ्याकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होते. मला सगळं दिसत होतं. अडकलं की मला जास्तच दिसतं.

आणि मग माझ्यासमोर, सरांच्या अगदी खांद्याजवळ, गौतमी येऊन उभी राहिली. इथं तिच्याबद्दलच काहीतरी चाललंय असं तिला वाटलं असावं. ती वाकली आणि सरळ माझ्या तोंडाकडं बघायला लागली. डोळे न हलवता. माझे ओठ थरथरत होते, चेहरा वाकडा झाला होता, आणि ती तिथंच बघत होती, जणू तिथून आता काहीतरी महत्त्वाचं बाहेर पडणार आहे.

माझ्याकडं अशा वेळी इतकं निवांत कुणी बघितलंच नव्हतं. बाबा नाही, रुक्सार नाही, आरशात मी पण नाही.

"स... सर," मी म्हणाले. "ति... तिचा द... दम त... त... तुटत न्हाई."

वेळ किती लागला ते विचारू नका.

"शब्द त... तुटतो. द... दम न्हाई. मी ज... जवळ होते. आ... आवाज थ... थांबला न्हाई."

सरांनी कप टेबलावर ठेवला. "बाळ, नियमात शब्द स्पष्ट पायजे असं हाय. मी काय करू?"

आता मला राग आला. राग आला की मी जास्त अडकते, पण राग असा असतो की त्याला अडकण्याची लाज नसते.

"मी ब... बोलते ते स... स्प... स्पष्ट हाय का, सर?"

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"क... कळलं का तुम्हाला?"

"कळलं की."

"म... मग तिचं प... पण कळतंय. क... कबड्डीच म्हणती ती. द... दुसरं काय म्हणंल? भ... भाजीचा भाव?"

मघाशी हसू दाबणारे मास्तर आता खरोखर हसले. सुतार सर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग दुसऱ्या पंचांना बोलावलं. दोघं थोडं बाजूला जाऊन बोलले. परत आले तेव्हा दुसरे पंच चपला काढून आमच्या अंगणाच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले.

"हे बघ," सुतार सर म्हणाले. "दम कशासाठी असतो? दुसरा श्वास घेऊ नये म्हणून. ते आवाजावरनं कळतं. तिचा आवाज जरा जरी थांबला तरी मी बाद देणार, कसलीही दयामाया न्हाई. न्हाई थांबला तर चढाई खरी. पण हे मी माझ्या मनानं करणार न्हाई. उद्या तुमच्या गावचे माझ्या दारात यायचे. शेंडूरवाडीचा आक्षेप न्हाई, हे तू हितं मैदानात उभी राहून मोठ्यानं सांगायचं. सगळ्यांना ऐकू गेलं पायजे."

सगळ्यांना. दोन टेम्पो. दोन शाळा.

मी मध्यरेषेवर जाऊन उभी राहिले. सरांनी शिट्टी मारली आणि सगळे गप्प झाले.

'आमचा आक्षेप नाही.' सोपं आहे. तुम्ही एका श्वासात म्हणाल. मला 'आमचा'च्या आधीच धाप लागली. 'आक्षेप'च्या मधोमध मी बराच वेळ उभी होते. कुणीतरी खोकलं. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "अगं ए खोताच्या पोरी, कुणाच्या बाजूनं हाईस तू?" दुसरं कुणीतरी त्याला म्हणालं, "गप की, बोलतीय ती."

बोलतीय ती. कोण होतं ते मला आजही माहीत नाही. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मी शब्द बदलू शकत होते. आयुष्यभर तेच केलं होतं. 'आक्षेप' अवघड गेला तर 'तक्रार' म्हणायचं, 'हरकत' म्हणायचं. पण समोर गौतमी उभी होती आणि तिला तर कबड्डीच्या जागी दुसरा शब्दच नव्हता. मीही बदलला नाही. 'क्षे'ला वाट फुटेपर्यंत थांबले.

"न्हाई," मी शेवटी म्हणाले, आणि तो शब्द एकदम सुटला, इतक्या जोरात की माझी मीच दचकले.

मग पुढचं सगळं मजेत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. गौतमीनं आमची धूळदाण उडवली. पहिल्याच चढाईत दोघी. पुढच्या चढाईत रुक्सार, आणि बाहेर जाता जाता रुक्सार मला म्हणाली, "घे. अजून घे. ओवाळ तिला." मी दोन वेळा गौतमीचा घोटा धरला, एकदा ती सुटली आणि एकदा नाही सुटली. तेव्हा आमच्या लोकांनी जे डोक्यावर घेतलं मला, विचारू नका. मघाशी 'कुणाच्या बाजूनं' विचारणारेच त्यात होते.

शेवटाला बरोबरी झाली होती. वेळ संपत आली होती. गौतमी आली. 'अअब्ई अअब्ई अअब्ई.' मी वाट बघितली. तिनं पाय टाकला आणि मी झेपावले. घोटा माझ्या हातात आला, दोन्ही हातांत, आयुष्यात इतकी चांगली पकड मी केली नव्हती. ती पडली. तिच्यावर आमच्या अजून दोघी पडल्या. धूळ डोळ्यांत, कुणाचा तरी गुडघा माझ्या कानावर. आणि त्या सगळ्या ढिगाखालून तिचा आवाज येतच होता. बारीक झाला, घोगरा झाला, पण थांबला नाही. सुतार सर मातीत गुडघे टेकून, मान वाकडी करून ऐकत होते. गौतमी सरकत होती. आम्हा तिघींना घेऊन, कोपरांवर, बोटाबोटानं. तिचा हात लांब झाला आणि मधल्या बोटाचं टोक रेषेच्या चुन्यावर टेकलं.

शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

तिला शिट्टी ऐकूच आली नाही. तिचा दम चालूच होता. आम्ही उठलो, तिच्या मैत्रिणी नाचत आल्या, आणि ही आपली रेषेवर बोट टेकवून 'अअब्ई अअब्ई' करतेच आहे. शेवटी सुतार सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तिनं श्वास घेतला. तो श्वास मला अजून ऐकू येतो.

आमच्या मुली रडल्या. मीही रडले, हरल्याचं रडू मला भरपूर आलं. बाई कोरगावच्या सरांशी हात मिळवून आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "रडून झालं की बॅगा उचला." माझ्याजवळून जाताना माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली. जोरात लागली. त्या टप्पलेचा अर्थ मी अजून लावते आहे, पण तो चांगला आहे एवढं नक्की.

टेम्पोकडं निघालो तेवढ्यात गौतमी धावत आली. मागून स्नेहल. गौतमीच्या कानांत आता मशीन होती. ती माझ्यासमोर उभी राहून हातांनी भरभर काहीतरी सांगायला लागली. मला काही कळेना. स्नेहलला हसू आवरेना.

"काय म्हणती?" रुक्सारनं विचारलं. ती माझ्याशी अबोला धरून होती, पण उत्सुकता तिला गप्प राहू देईना.

"ती थँक्यू म्हणतीय," स्नेहल म्हणाली. "ती म्हणते, लोक तिच्याशी घाईत बोलतात. ओठ नीट दिसतच नाहीत. तू पंचांशी बोलत होतीस तेव्हा तिला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सावकाश, परत परत म्हणत होतीस ना. असं तिच्यासाठी कुणी करत नाही."

रुक्सारनं तोंड उघडलं. आणि देवाशप्पथ, पहिलीपासून पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

मी खरं सांगायला हवं होतं आणि सांगितलंही. गौतमीसमोर तोंड करून म्हणाले, "न... न्हाई. मी अशीच ब... बोलते. नेहमी."

तिनं ते वाचलं. क्षणभर विचार केला. मग हातांनी काहीतरी लहानसं केलं आणि हसत पळून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मग तर फारच छान," स्नेहल म्हणाली.

टेम्पोत रुक्सार माझ्याशेजारी बसली. गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. उतरताना मी म्हणाले, "उ... उद्या श... श..." आणि ती थांबली. एक पाय टेम्पोत आणि एक जमिनीवर. मागच्या मुली ओरडत होत्या, "उतर की गं."

"शाळेत लवकर ये," मी पुरं केलं.

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं शेंगा आणतीस."

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या दारात मोटारसायकल थांबली. तेली सर होते, कोरगावचे. बाबांनी खुर्ची दिली, आईनं चहा ठेवला. कुणी बाहेरचे सर घरी आले की मी काहीतरी केलंय असंच आमच्याकडं धरलं जायचं, त्यामुळं मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

सर म्हणाले, "जिल्ह्याला जायचंय आम्हाला. तिथले पंच नवे, माणसं नवी. गौतमीच्या दमाचा प्रश्न पुन्हा येणार. समजावून सांगायला कुणीतरी पाहिजे. मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःच्या संघासाठी बोलतोय. तुमच्या मुलीला घेऊन जाऊ का? हिच्याच संघाला आम्ही हरवलं, त्यामुळं हिचं ऐकतील. तुमच्या शाळेची परवानगी काढलीये, कोळेकर बाई पण येतायत."

बाबांना वाटलं, सर घर चुकले. "कशासाठी न्यायचं म्हणालात?"

"बोलायला."

"आमच्या प्रांजलला?"

"हो. चांगलं बोलते ती."

आई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

माझे बाबा फार प्रेमळ आहेत. लहानपणापासून कुणी मला काही विचारलं की मला त्रास नको म्हणून उत्तर तेच द्यायचे. डॉक्टरांना, पाहुण्यांना, बसच्या कंडक्टरला. आत्ताही त्यांनी तोंड उघडलं, मला दिसलं ते. 'नको' येत होतं की 'हो', ते मला माहीत नाही. कारण त्यांनी ते मिटलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "काय गं? जाशील का?"

मला 'हो' म्हणता आलं असतं. 'हो' मला सहसा अवघड जात नाही. पण मला फक्त 'हो' म्हणायचं नव्हतं. गौतमीला आधी कुणीतरी विचारा, तिला चालणार असेल तर मी येते, आणि मी बोलत असताना ती माझ्यासमोर उभी असली पाहिजे, असं सगळं म्हणायचं होतं. प्रत्येक शब्दात मेला 'प' नाही तर 'च' नाही तर 'ग'.

मी सांगायला लागले.

तोवर चहावर साय धरली. पण कुणीही कप उचलला नाही.